अपार्टमेंटच्या मोठ्या दुरुस्तीचा वाटा: बेळगाव भागातल्या कमी मिळकतीच्या फ्लॅटधारकाने पैसे कसे उभे करावेत

पावसाळा ओसरला की टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, वडगाव भागातल्या जुन्या अपार्टमेंटांत बैठका सुरू होतात. गच्ची गळते, जिन्याच्या स्लॅबचं प्लास्टर सुटून सळ्या दिसायला लागलेल्या असतात, पार्किंगमधल्या कॉलमला उभी भेग गेलेली असते. सेक्रेटरी एक आकडा सांगतात, तो फ्लॅटच्या संख्येने भागला जातो आणि 'प्रत्येकी ऐंशी हजार, दिवाळीपर्यंत' असं ठरून चहा होतो. बाजारात दुकान असलेल्याला किंवा पेन्शन घेणाऱ्याला ते जमून जातं. यंत्रमागावर बसणाऱ्याला, उद्यमबागच्या फाउंड्रीत कंत्राटी असलेल्याला, नवऱ्यामागे शिवणकामावर घर चालवणाऱ्या बाईला जमत नाही. बैठकीत मात्र लाजेपोटी कोणी बोलत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून कर्जाची शोधाशोध सुरू होते.

कर्ज हा या कामातला शेवटचा टप्पा. त्याआधी तो ऐंशी हजारांचा आकडाच तपासायचा असतो. हा खर्च तुमचा आहे का, असल्यास किती, आणि तो सगळा आत्ताच द्यायचा आहे का? हे तीन प्रश्न नीट विचारले तर बऱ्याचदा आकडा निम्म्यावर येतो.

आधी बघा: खर्च कोणाचा?

घर तुमच्या मालकीचं नसून 'लीज'वर असेल, म्हणजे मालकाला एकरकमी काही लाख देऊन बिनभाड्याने राहत असाल, तर इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा वाटा मालकाने द्यायचा. करारपत्रात उलट काही लिहिलं असेल तरच गोष्ट वेगळी, म्हणून करार काढून वाचा. भाडेकरूचंही तसंच. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये सोय आहे: जी दुरुस्ती करणं मालकावर बंधनकारक आहे ती लेखी कळवूनही त्याने रास्त मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. 'लीज'वाल्याला वळतं करायला भाडंच नसतं. त्याने पैसे देण्याआधी, 'हे पैसे डिपॉझिटमध्ये धरले जातील' असं मालकाकडून लिहून घ्यावं. तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नये.

बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) किंवा कर्नाटक हाउसिंग बोर्डाच्या 'लीज-कम-सेल'वर घर मिळालेल्यांची गोष्ट निराळी. तिथे राहणारे तुम्ही, दुरुस्ती करणारेही तुम्ही, पण अंतिम विक्रीपत्र होईपर्यंत मालकी पूर्ण तुमच्याकडे आलेली नसते. त्यामुळे दुरुस्तीसाठी बँकेत गेलात की गाडी अडते. मुदत संपून सगळे हप्ते भरले असतील तर आधी विक्रीपत्राचा अर्ज टाका. पुढे कर्ज लागो न लागो, हे काम लांबवण्यात फायदा नाही.

इमारत नवी असेल तर बिल्डरला सोडू नका. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या सांगाड्यात, कामाच्या दर्जात दोष दिसला आणि तुम्ही तो कळवलात, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. चौथ्या पावसाळ्यात गळायला लागलेल्या गच्चीसाठी वर्गणी काढणारे लोक मी पाहिलेत. तारीख आधी बघा, वर्गणी नंतर.

शेवटचं म्हणजे वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून तुमच्या छतात येणारं पाणी. हा सामायिक खर्च नव्हे, वरच्या घरमालकाचा आहे. गच्ची, कॉलम, बीम, बाहेरच्या भिंती, जिना, सामायिक ड्रेनेज, पाण्याची टाकी आणि लिफ्ट हे सर्वांचं. एस्टिमेटमध्ये कोणाच्या खासगी बाल्कनीच्या फरशा घुसल्या आहेत का, तेही बघून ठेवा. घुसतात.

एस्टिमेटच्या आधी तपासणी

कंत्राटदाराने गच्चीवर फिरून, पायाने ठोकून दिलेला आकडा म्हणजे एस्टिमेट नव्हे. स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायचा आग्रह धरा, आणि तो इंजिनिअर कंत्राटदाराने आणलेला नसावा. काँक्रीटवर रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्स, सळ्यांच्या गंजासाठी हाफ-सेल चाचणी अशा तपासण्या असतात. बेळगावात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, त्यांच्या सिव्हिल विभागांतही चौकशी करावी. तपासणीचे पैसे जातात खरे, पण ती केली नाही तर नुसत्या प्लास्टरने झाकता येणाऱ्या ठिकाणी जॅकेटिंग (कॉलमभोवती नव्या सळ्या-काँक्रीटचा थर) आणि जॅकेटिंग हव्या त्या कॉलमला नुसतं प्लास्टर असा उलटा कारभार होतो.

अहवालात तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा: जीवाला धोका असलेलं काम, पाणी अडवण्याचं काम, आणि दिसण्याचं काम. ही विभागणीच पुढे तुमचे पैसे वाचवणार आहे.

आपल्याकडचा पाऊस लक्षात घेता क्रमही महत्त्वाचा. पाणी बंद झाल्याशिवाय सळ्यांचा गंज थांबत नाही. आधी गच्ची आणि पाइप, मग कॉलम-बीम, त्यानंतर बाहेरचं प्लास्टर, रंग सगळ्यात शेवटी. कॉलम धोक्यात असेल तर मात्र आधी त्याला टेकू. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत उरकायचं. मेच्या शेवटी वळीव आला की कोबा भिजतो आणि भांडण सुरू होतं.

तुमचा वाटा किती?

इथे सर्वांत जास्त पैसे हकनाक जातात. फ्लॅटच्या संख्येने भागाकार करणं सोपं म्हणून तसं केलं जातं. पण तुमची इमारत कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७२ खाली आली असेल, म्हणजे तिचं डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारत या कायद्याखाली आणल्याचा दस्त) नोंदलेलं असेल, तर सामायिक खर्च प्रत्येक फ्लॅटच्या अविभाज्य हिश्श्याच्या टक्केवारीने वाटायचा असतो. ही टक्केवारी डिक्लेरेशनमध्ये लिहिलेली असते आणि बहुधा तुमच्या खरेदीखतातही जमिनीच्या हिश्श्याच्या रूपात असते. मोठा फ्लॅट, मोठा वाटा.

एक काल्पनिक हिशोब बघा. बारा फ्लॅटची इमारत, सहा फ्लॅट ४५० चौरस फुटांचे, सहा ९५० चौरस फुटांचे. एकूण ८,४०० चौरस फूट. दुरुस्ती ९ लाख ६० हजारांची. सरसकट भागाकार केला तर प्रत्येकी ८०,०००. हिस्सा क्षेत्रफळाप्रमाणे ठरलेला असेल तर छोट्या फ्लॅटला सुमारे ५१,४००, मोठ्याला सुमारे १,०८,६००. छोट्या फ्लॅटवाल्याचे साडेअठ्ठावीस हजार निव्वळ कागद वाचल्याने वाचले. मोठ्या फ्लॅटवाले अर्थातच नाराज होतील, म्हणून हा मुद्दा बैठकीत कागद हातात घेऊनच मांडा.

कायद्याची दुसरी बाजूही ऐका. 'मी तळमजल्यावर, लिफ्ट वापरत नाही, गच्चीवर जात नाही' हे कारण चालत नाही. सामायिक गोष्ट वापरत नाही म्हणून वाट्यातून सुटका नाही. थकलेला वाटा फ्लॅटवर बोजा म्हणून बसतो आणि फ्लॅट विकताना तो डोकं वर काढतो. तेव्हा 'देणारच नाही' असं म्हणू नका. 'माझा खरा वाटा देईन, हप्त्याने देईन' असं म्हणा.

बऱ्याच छोट्या इमारतींत डिक्लेरेशन नसतंच. कुठे असोसिएशन १९६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली असते, कुठे नुसतं वहीवर. तिथे नोंदलेले नियम किंवा आधीचे ठराव काय म्हणतात ते बघा. तेही नसतील तर क्षेत्रफळाप्रमाणे वाटणीचा ठराव मांडा. मागच्या वेळी रंग काढताना पैसे कसे घेतले होते, हे जुन्या पावत्यांवरून दाखवता आलं तर तुमचं म्हणणं ठोस होतं.

सगळं एकदम कशाला?

वरच्याच उदाहरणात समजा गच्ची आणि कॉलम-बीमचं काम ५ लाख ४० हजारांचं आहे आणि बाहेरचं प्लास्टर-रंग ४ लाख २० हजारांचा. पहिला टप्पा या हिवाळ्यात, दुसरा पुढच्या वर्षी केला तर ४५० फुटांच्या फ्लॅटला आत्ता सुमारे २८,९०० आणि पुढच्या वर्षी २२,५०० भरावे लागतील. बैठकीतल्या ऐंशी हजारांपासून आपण इथवर आलो, अजून कर्जाचं नावही काढलेलं नाही.

परांचीचा खर्च दोनदा होतो, असा आक्षेप येईल. बरोबर आहे, काही प्रमाणात होतो. पण पहिल्या टप्प्यातल्या गच्चीच्या कामाला परांची फारशी लागत नाही. कंत्राटदाराकडून दोन्ही पर्यायांचा आकडा लेखी मागा आणि फरक बघूनच वाद घाला.

असोसिएशनकडे जुना सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी) आहे का, गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचं किंवा होर्डिंगचं भाडं येतं का, तेही विचारा. ते उत्पन्न सगळ्यांचं असतं, सेक्रेटरींच्या गल्लीतल्या गणपतीचं नव्हे. दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून नवा टॉवर बसवू, अशी सूचना हमखास येते. कमकुवत गच्चीवर आणखी टनावारी लोखंड चढवण्याआधी इंजिनिअरला विचारा.

जीएसटीचा बागुलबुवाही मोडून टाका. असोसिएशनची वर्षाची एकूण जमा वीस लाखांच्या आत असेल तर सभासदांच्या वर्गणीवर जीएसटी लागत नाही, एखाद्या महिन्याची वर्गणी ७,५०० रुपयांच्या वर गेली तरी. कंत्राटदाराच्या बिलावरचा कर वेगळा, तो एस्टिमेटमध्येच धरलेला आहे का ते बघा. नाहीतर काम संपताना 'वर अठरा टक्के' ऐकायला मिळतं.

हप्ते लेखी मागा

तोंडी विनंती 'बघू' मध्ये विरते. बैठकीच्या आधी सेक्रेटरींना अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मजकूर साधा असावा:

'मा. सेक्रेटरीसाहेब, दुरुस्तीच्या खर्चातला माझा वाटा मला मान्य आहे. माझी घरची मिळकत महिना सुमारे अमुक रुपये असून एकरकमी भरणं शक्य नाही. काम सुरू होताना अमुक रुपये आणि त्यानंतर दरमहा अमुक रुपये याप्रमाणे अमुक महिन्यांत रक्कम पूर्ण भरेन. यावर व्याज अगर दंड आकारू नये आणि हा निर्णय ठराव म्हणून प्रोसिडिंगमध्ये नोंदवावा. डिक्लेरेशनची, तपासणी अहवालाची व मंजूर एस्टिमेटची प्रत मिळावी. आपला विश्वासू, फ्लॅट क्रमांक अमुक.'

'मान्य आहे' हे शब्द वाट्याचा आकडा तपासल्यानंतरच घाला. पहिली रक्कम थोडी जास्त दाखवली तर बाकीच्यांचा विश्वास बसतो. जो हप्ता लिहाल तो मुलांच्या शाळेची फी आणि सणाचा महिना धरूनही भरता येईल असाच लिहा. गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार घरात येत असतील तरी सगळा हप्ता त्यावर बेतू नका, ते कधी उशिरा जमा होतात.

अर्ज एकट्याने देण्यापेक्षा तुमच्यासारख्या तिघा-चौघांनी मिळून द्यावा. कोण अडचणीत आहे हे जिन्यात सगळ्यांना माहीत असतंच. वरच्या मजल्यावरच्या काकूंना सोबत घ्या.

तरीही कमी पडले तर

आता पैसे उभे करणं. माझ्या मते क्रम असा असावा, आणि त्यात बँकेचं 'होम इम्प्रूव्हमेंट' कर्ज वरच्या नंबरावर नाही. तीस-चाळीस हजारांसाठी मालमत्तेचा खाते उतारा, ईसी (मालमत्तेवरच्या बोजाचा दाखला), घरपट्टीची पावती, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला हे सगळं गोळा करण्यात महिना जातो आणि जुन्या इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला बहुधा निघतच नाही. मोठी रक्कम असेल किंवा आधीचं गृहकर्ज चालू असेल तर त्यावर टॉप-अप (वाढीव कर्ज) मागणं सोपं.

घरात पीएफ कापला जाणारा कोणी असेल तर तिथून सुरुवात करा. फ्लॅट सभासदाच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावे असेल तर घरदुरुस्तीसाठी आगाऊ रक्कम काढता येते. ती परत भरायची नसते, व्याजही नाही. घर बांधून पाच वर्षं झालेली असावीत आणि रक्कम बारा महिन्यांच्या मूळ पगार-महागाई भत्त्यापर्यंत, असा जुना नियम होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे तेरा प्रकार तीन गटांत आणून किमान नोकरी बारा महिन्यांची करण्याचा आणि खात्यात पंचवीस टक्के शिल्लक राखण्याचा निर्णय घेतला. अर्ज करताना पोर्टलवर त्या दिवशी कोणता पर्याय दिसतो ते बघा. कंत्राटी कामगारांनी आधी पासबुक उघडून कंत्राटदार पैसे खरंच भरतो आहे का ते पाहावं. पन्नाशीच्या पुढच्यांनी मात्र हात आखडून काढावेत, म्हातारपणाची तीच पुंजी असते.

एलआयसीची जुनी पॉलिसी असेल तर तिच्यावरचं कर्जही स्वस्तात पडतं. त्यानंतर सोनं. राष्ट्रीयीकृत किंवा चांगल्या सहकारी बँकेत सोनेतारण कर्ज त्याच दिवशी मिळतं. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मिळते म्हणून तेवढी घेऊ नका. दरमहा हप्त्याचा पर्याय घ्या, वर्षअखेरीला एकरकमी फेडण्याचा नको, कारण वर्षअखेरीला व्याज भरून कर्ज नवं केलं जातं आणि मंगळसूत्र तिथेच राहतं.

बचत गट किंवा भिशी हाताशी असेल तर उत्तम. ओळखीच्या बायकांच्या भिशीत एखादा नंबर आधी मागून घेणं ही आपल्याकडची जुनी सोय आहे. पिग्मी (रोजची बचत ठेव) चालू असेल तर ती मोडण्याआधी तिच्यावर कर्ज मिळतं का, ते एजंटला विचारा.

गल्लोगल्ली सौहार्द सहकारी संस्था आणि पतसंस्था आहेत. तिथे गेलात तर एकच प्रश्न आधी विचारा: व्याज घटत्या शिलकीवर की 'फ्लॅट', म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर? तीस हजार, दोन वर्षं, बारा टक्के. घटत्या शिलकीवर महिना सुमारे १,४१२ आणि एकूण परतफेड सुमारे ३३,९००. फ्लॅट पद्धतीने महिना १,५५० आणि एकूण ३७,२००. कागदावर दोन्हीकडे बाराच लिहिलेलं असतं, पण फ्लॅट पद्धतीचा दर खरा बघितला तर एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. शिवाय प्रोसेसिंग फी, शेअर्सची रक्कम, कर्जदारावर लादलेला विमा हेही विचारून घ्या.

मायक्रोफायनान्स अगदी शेवटी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत मिळकत असलेल्या घरांना हे विनातारण कर्ज मिळतं, पण घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. ही मर्यादा तुमच्याच रक्षणासाठी आहे, एजंटला मिळकत फुगवून लिहू देऊ नका. वसुलीसाठी दारात येऊन दमदाटी झाली तर कर्नाटकात २०२५ मध्ये त्यासाठी खास कायदा झाला आहे, त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. पोलिसांत तक्रार द्या. शेकडा पाचने महिन्याला पैसे देणाऱ्या सावकाराचं तर नावच नको. ते वर्षाला साठ टक्के होतात.

सरकारी मदतीबद्दल स्पष्ट बोलतो. पंतप्रधान आवास योजना नवं घर बांधण्या-घेण्यासाठी आहे, अपार्टमेंटच्या गच्चीसाठी नाही. आमदार-खासदार निधी खासगी इमारतीच्या आत खर्च होत नाही. 'दुरुस्तीची सबसिडी काढून देतो' म्हणत आधार आणि दोन हजार मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अतिवृष्टीत भिंत किंवा छत पडलं तर गोष्ट निराळी. त्याच दिवशी फोटो काढा आणि पंचनामा करून घ्या. शहरात महापालिकेला, खानापूर-निपाणीकडे तहसीलदार किंवा तलाठ्यांना लगेच कळवा. ढिगारा उचलल्यावर पंचनामा होत नाही.

वाद झाला, किंवा नोटीस आली

इमारत धोकादायक असल्याची महापालिकेची नोटीस कन्नडमध्ये येते. अंदाजाने वाचू नका. कन्नड नीट वाचणाऱ्याकडून मुदत आणि नेमका आदेश, खाली करा की दुरुस्त करा, समजून घ्या आणि मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क तुम्हाला आहे, मराठी अर्ज नाकारता येत नाही. पण काम लवकर व्हावं असं वाटत असेल तर सोबत कन्नड प्रत जोडा. हक्काची लढाई वेगळ्या दिवशी लढता येईल, छत या महिन्यात गळतंय.

असोसिएशन हिशोब देत नसेल किंवा हप्ते नाकारून पाणी तोडण्याची धमकी देत असेल, तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा. बेळगावात ते न्यायालयाच्या आवारात आहे, फोनवर १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना मिळकत न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या दाखल्यावर. तो दाखला नाडकचेरीतून काढून ठेवा, हप्त्यांच्या अर्जालाही जोडता येतो. अशी प्रकरणं लोकअदालतीत तडजोडीने मिटतात आणि तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. कंत्राटदाराने काम बिघडवलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून बघा.

पैसे देताना

रोख देऊ नका, असोसिएशनच्या खात्यात भरा आणि पावतीवर 'दुरुस्ती, पहिला टप्पा' असं लिहून घ्या. सेक्रेटरींच्या स्वतःच्या फोन-पेवर तर नकोच, माणूस कितीही सज्जन असला तरी. असोसिएशनचं खातं नसेल तर दोघांच्या सहीचं उघडायला लावा, आणि ते बँकेत असू द्या. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमासंरक्षण नसतं.

कंत्राटदाराला कामाच्या मोजमापाप्रमाणे पैसे, आगाऊ थोडेच. दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची अट करारातच घाला. वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची आणि गळल्यास कोण येणार, हे शिक्क्यासह लेखी हवं. त्या हमीपत्राची आणि तुमच्या शेवटच्या हप्त्याच्या पावतीची प्रत खरेदीखताच्या फाइलमध्ये लावा. फ्लॅट विकताना किंवा मुलाच्या नावावर करताना 'थकबाकी नाही' असा दाखला असोसिएशनकडून मागितला जातो, आणि तोवर सेक्रेटरी बदललेले असतात.